संस्थेसाठी देणगीचे पत्र कसे लिहावे? नगर जिल्ह्यातील उदाहरणे आणि एक नमुना पत्र

'गरीब मुलांना मदतीची नितांत गरज आहे. फूल ना फुलाची पाकळी द्या. जास्तीत जास्त शेअर करा.' असा मेसेज तुमच्या व्हॉट्सॲपवर अधूनमधून येतच असेल. खाली रडणाऱ्या मुलाचा फोटो आणि कुणाचा तरी मोबाइल नंबर असतो. आपण वाचतो, थोडे हळहळतो आणि पुढे सरकतो. कारण किती पैसे हवेत, कशासाठी हवेत, मागणारा कोण आणि पैसे योग्य ठिकाणी पोहोचले हे कळणार कसे, यातले काहीच त्यात नसते.

वाईट हे की खरोखर काम करणाऱ्या संस्थांची आवाहनेही बऱ्याचदा अशीच लिहिलेली असतात आणि त्या गर्दीत हरवून जातात. गावातले वाचनालय असो, वृद्धाश्रम असो की मुलांचे वसतिगृह, 'तुम्ही बरे लिहिता, जरा एक आवाहन लिहून द्या' असे काम उद्या तुमच्याकडेही येऊ शकते. ते कसे करावे, काय टाळावे आणि कायदा काय सांगतो, ते या लेखात पाहू.

थोडक्यात सांगायचे तर

चांगल्या पत्रात एका माणसाकडे, एका कामासाठी, एक ठरावीक रक्कम मागितलेली असते. त्या पैशाचा हिशेब कसा कळवणार हे लिहिलेले असते. आणि ज्याच्यासाठी मागतो, त्याची अब्रू त्यात पणाला लावलेली नसते.

मागण्याची आपली परंपरा

सार्वजनिक कामासाठी लोकांकडे मागणे महाराष्ट्राला नवे नाही. कोणाकडे काय आणि कसे मागायचे, याचे धडे जुन्या उदाहरणांतच सापडतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' उभारला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा, ही कल्पना. त्या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. मागणी इतकी लहान होती की नाही म्हणणे अवघड, आणि त्यातून उभे राहिलेले काम डोळ्यांना दिसणारे होते.

दुसरे टोक महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि त्यासाठी गावोगाव फिरून वर्गणी जमवली. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. मोठ्या देणगीदाराला बहुधा कायमची आठवण मागे ठेवायची असते. एक पैसा देणाऱ्याला आणि १५ लाख देणाऱ्याला एकच पत्र चालत नाही.

तिसरा धडा, मागण्याआधी स्वतः देण्याचा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. नगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी सैन्यातून परतल्यावर आधी स्वतःजवळचे पैसे घालून यादवबाबा मंदिराची दुरुस्ती केली. गाव श्रमदानाला जोडले गेले ते त्यानंतर. तुमच्या पत्रातही 'आम्ही आतापर्यंत एवढे उभे केले, उरलेल्यासाठी तुमच्याकडे आलो आहोत' हे वाक्य असलेच पाहिजे.

अलीकडचे उदाहरण 'लोकसत्ता'च्या 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमाचे. २०११ पासून गणेशोत्सवाच्या काळात हे दैनिक निवडक संस्थांची ओळख करून देते आणि वाचक थेट त्या संस्थेच्या नावाने धनादेश पाठवतात. काम नीट समजावून सांगितले, तर न पाहिलेल्या संस्थेलाही लोक पैसे देतात, हे त्यातून दिसते.

लिहायला बसण्याआधी चार प्रश्न

१. नेमके कशासाठी? 'संस्थेच्या कार्यासाठी' हे उत्तर नाही. 'वसतिगृहातल्या मुलींच्या स्नानगृहासाठी सौर बंब' हे उत्तर आहे. एका पत्रात एकच काम मागा. इमारत, ॲम्ब्युलन्स आणि वह्या अशी यादी एकत्र दिली की वाचणाऱ्याला कुठल्याच गोष्टीची निकड वाटत नाही.

२. एकूण किती आणि एकाने किती? पूर्ण खर्च लिहा आणि त्याचे परवडतील असे भाग पाडा. तीन लाखांचा आकडा पाहून हजार रुपये देऊ शकणारा माणूस गप्प बसतो, कारण आपल्या हजाराने काय होणार, असे त्याला वाटते. त्याच खर्चात 'एका मुलाचे महिन्याचे जेवण' असा भाग दिसला की त्याला आपली जागा सापडते.

३. कोणाकडे? शाळेचा माजी विद्यार्थी, पुण्या-मुंबईत नोकरी करणारे गावकरी, तालुक्यातले व्यापारी, परदेशातले नातेवाईक या प्रत्येकाचे कामाशी नाते वेगळे असते. पत्राचा मजकूर तोच राहिला तरी पहिला परिच्छेद त्या नात्याप्रमाणे बदला. छापील 'महोदय/महोदया'पेक्षा हाताने लिहिलेले 'आदरणीय काका' अधिक काम करते.

४. केव्हा? नोकरदाराला पगाराच्या पहिल्या आठवड्यात, शेतकऱ्याला पीक विकल्यानंतर. कर वाचवू पाहणाऱ्यांचे पैसे ३१ मार्चपूर्वी सुटतात. वाढदिवस, पितृपक्ष, आई-वडिलांची पुण्यतिथी या निमित्ताने अन्नदान करणारी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी 'एका दिवसाचे भोजन' हा पर्याय पत्रात ठेवा.

पत्रात काय, कोणत्या क्रमाने?

पहिल्या दोन वाक्यांत काम आणि गरज सांगा. संस्थेचा इतिहास, मान्यवरांच्या भेटी आणि पुरस्कार यांनी सुरुवात करू नका. ते सारे नंतर, दोन ओळींत पुरते.

मग एक छोटी हकिगत सांगा. आवाहनात आपण ज्यांच्यासाठी मागतो ते लोक केवळ असहाय दिसतात आणि संस्था तेवढी तारणहार दिसते. हे खरेही नसते आणि न्याय्यही नसते. जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प आठवा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तो सुरू केला आणि १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथल्या कामाचा कणा म्हणजे खेड्यापाड्यांतल्या बायका. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या या बायका शिकून गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. त्यांच्याबद्दल 'बिचाऱ्या अडाणी बायका' असे लिहिणे सोपे होते, पण खरी गोष्ट त्यांनी काय केले ही आहे. तुमच्या पत्रातल्या माणसांनाही काहीतरी करताना दाखवा.

त्यानंतर खर्चाचा तक्ता, स्पष्ट मागणी आणि पैसे पाठवण्याची पद्धत द्या. शेवटी हिशेब कधी आणि कसा कळवणार, ते लिहा. एका पानात हे सगळे बसते. शेवटी जबाबदार व्यक्तीची सही, पद आणि फोन नंबर हवा.

भाषा बोलण्यासारखी ठेवा. 'समाजातील उपेक्षित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी' यातून चित्र उभे राहत नाही. 'ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांची मुले' म्हटले की नगर जिल्ह्यातल्या कुणालाही पुढचे समजते.

फोटो आणि नाव: सगळ्यात जपून वागण्याची जागा

नगरमध्ये १९८९ साली डॉ. गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्नेहालय' सुरू केले. वेश्या व्यवसायात अडकलेल्या स्त्रियांच्या मुलांसाठी सुरू झालेले हे काम पुढे एचआयव्हीबाधित मुलांपर्यंत पोहोचले. शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या 'माउली सेवा प्रतिष्ठान'ने रस्त्यावर सापडलेल्या, मानसिक आजार असलेल्या निराधार स्त्रियांना घर दिले. अशा कामासाठी पत्र लिहायचे असेल तर काय काय सांभाळावे लागेल, याचा विचार करा. फोटो जितका करुण, तितके पैसे जास्त, असे वाटू शकते. पण तो फोटो त्या मुलाच्या किंवा बाईच्या मागे आयुष्यभर लागतो. आज दहा वर्षांची असलेली मुलगी उद्या नोकरी शोधेल, लग्नाचा विचार करेल, आणि तिचा तो फोटो तेव्हाही कुठल्या तरी ग्रुपवर फिरत असेल.

कायदाही याबाबत कडक आहे.

* मुलांची ओळख: बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा तपशील कोणत्याही माध्यमातून उघड करण्यास मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुलाच्या हितासाठी अपवाद करायचा असेल तर तो अधिकार बाल कल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळाचा आहे, संस्थेचा नाही.
* एचआयव्ही: २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यानुसार एखाद्याची एचआयव्ही स्थिती त्याच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय उघड करता येत नाही.
* मानसिक आजार: मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही.

'नाव बदलले आहे' एवढे लिहून भागत नाही. 'अमक्या वाडीतली, आई-वडील अपघातात गेलेली, सातवीतली मुलगी' एवढे वाचून तालुक्यातला कोणीही तिला ओळखेल. गाव, इयत्ता, घटना यांतले निदान दोन तपशील काढून टाका, किंवा अनेक मुलांच्या अनुभवांतून एकच सर्वसाधारण हकिगत सांगा आणि ती तशी आहे हे लिहा.

मग फोटो कसला द्यायचा? स्वयंपाकघरातली मोठी पातेली, रांगेत टांगलेली दप्तरे, मुलांनी काढलेली चित्रे, गळके छत, अर्धवट भिंत, काम करणारे हात. ज्या वस्तूसाठी पैसे मागत आहात, तिचाच फोटो बहुधा सर्वांत परिणामकारक ठरतो.

कागदोपत्री बाजू

नोंदणी: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेल्या न्यासाला क्रमांक मिळतो आणि त्यात जिल्ह्याचे नाव असते. तो पत्राच्या माथ्यावर छापा. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण जुन्या प्रमाणपत्रांवर आणि बँक खात्यांवर 'अहमदनगर' असू शकते. पत्रावर संस्थेचे नाव आणि क्रमांक प्रमाणपत्रात आहे तसाच लिहा आणि पत्ता नव्या नावाने द्या. दोन्हींत फरक दिसला की देणगीदार बिचकतो, म्हणून गरज वाटल्यास एक ओळीचा खुलासा करा.

नोंदणी नसेल तर: नोंदणीकृत न्यास नसलेल्या व्यक्तीला किंवा मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी जमवायची असेल तर याच कायद्याच्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयात रीतसर अर्ज करावा लागतो. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी जी परवानगी घेतात, ती हीच.

करसवलत: संस्थेकडे '८०जी' मान्यता असेल तरच ती लिहा. २००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर सवलत मिळत नाही आणि नवी कररचना निवडलेल्यांना ही वजावट नाही. देणगीदाराला केवळ पावती नव्हे, तर संस्थेने आयकर खात्याकडे विवरण भरल्यानंतर निघणारे प्रमाणपत्रही लागते. त्यासाठी त्याचा पॅन क्रमांक आधीच घ्या. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. पत्र छापण्यापूर्वी सीएंना एकदा विचारा.

परदेशातून देणगी: अमेरिकेतल्या भाच्याला पत्र पाठवण्याआधी त्याचे नागरिकत्व विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड का असेना, पैसे मात्र परकीय देणगी ठरतात. ती घेण्यासाठी संस्थेला एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात.

खाते: क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. अध्यक्षांच्या किंवा कार्यकर्त्याच्या वैयक्तिक नंबरवर पैसे मागू नका. हेतू कितीही चांगला असला तरी संशयाला जागा राहते.

नमुना पत्र

खालील आकडे केवळ नमुन्यासाठी आहेत. तुमच्या संस्थेचे खरे आकडे घाला.

> (संस्थेचे नाव, न्यास नोंदणी क्रमांक, पत्ता, दिनांक)
>
> आदरणीय ________ काका,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> दसरा झाला की आपल्या पाथर्डी तालुक्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुले बरोबर गेली तर त्यांची शाळा कोपीवर संपते. यंदा नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांसाठी ४० मुलांना गावातच ठेवून घ्यायचे आम्ही ठरवले आहे. त्यांच्या जेवणासाठी आपली मदत मागायला हे पत्र लिहीत आहे.
>
> गेल्या हंगामात राहिलेली मुले पहाटे स्वतः उठून अभ्यासाला बसत. मोठी मुले लहानांचे पाढे घेत. मार्चमध्ये आई-वडील परतले तेव्हा मुलांनी त्यांना वह्या उघडून दाखवल्या.
>
> एका मुलाच्या जेवणाचा महिन्याचा खर्च १,५०० रुपये आहे. पाच महिन्यांचे ७,५०० आणि ४० मुलांचे ३,००,००० रुपये होतात. गावकरी, शिक्षक आणि विश्वस्त यांनी मिळून १,१०,००० रुपये जमवले आहेत. अजून १,९०,००० रुपये हवे आहेत.
>
> आपण एका मुलाच्या पूर्ण हंगामाची, म्हणजे ७,५०० रुपयांची जबाबदारी घ्यावी, ही विनंती. ते शक्य नसेल तर एका महिन्याचे १,५०० रुपयेही मोलाचे आहेत. धान्य द्यायचे असल्यास आम्ही घरी येऊन घेऊन जाऊ.
>
> पैसे संस्थेच्या खात्यावर पाठवावेत. तपशील आणि क्यूआर कोड खाली दिला आहे. पावती आठ दिवसांत मिळेल. जानेवारीत आणि एप्रिलमध्ये जमाखर्च आपल्याला पाठवू. मुलांची ओळख जपण्यासाठी आम्ही त्यांचे फोटो पाठवत नाही, पण आपण केव्हाही येऊन स्वयंपाकघर आणि हिशेबाच्या वह्या पाहाव्यात.
>
> आपला / आपली,
> (सही, नाव, पद, फोन)

या पत्रात एकही 'बिचारे' नाही. रक्कम दोन पर्यायांत आहे, स्वतःचा वाटा आधी सांगितला आहे आणि फोटो न देण्याचे कारणही उघडपणे दिले आहे. असे कारण वाचून देणगीदाराचा विश्वास वाढतो.

तेच व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल तर

सहा-सात ओळी पुरे: काम, एकूण रक्कम, जमलेली रक्कम, एका भागाची रक्कम, शेवटची तारीख, संस्थेचे खाते आणि फोन नंबर. मेसेजमध्ये तारीख घालायला विसरू नका. तारखेविना मेसेज काम संपल्यावरही वर्षानुवर्षे फिरत राहतात. रक्कम पूर्ण झाली की त्याच ग्रुपवर 'रक्कम जमली, आता कृपया पाठवू नका' असे कळवा. हे एक वाक्य पुढच्या वेळी दहा पत्रांचे काम करते.

शंभर जणांच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज कुणालाच उद्देशून नसतो. त्यातल्या वीस जणांना नाव घालून वेगळा पाठवा आणि दोन दिवसांनी फोन करा. आपल्याकडे बहुतेक देणग्या पत्र वाचून ठरतात, पण हातात पडतात त्या फोननंतरच.

पैसे आल्यावर

पहिले पत्र मागण्याचे, दुसरे आभाराचे आणि तिसरे हिशेबाचे. अनेक संस्था पहिल्यावरच थांबतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिलेच पाठवतात. आभाराचे पत्र आठवडाभरात जावे, आणि त्यात नवी मागणी नसावी. हिशेबात जमा, खर्च आणि शिल्लक स्पष्ट हवी. ठरवलेले काम झाले नाही किंवा खर्च वाढला, तर तेही लिहा. धान्य महाग झाले म्हणून दहा हजार कमी पडले, हे मोकळेपणाने सांगणाऱ्या संस्थेवर लोक जास्त भरवसा ठेवतात.

पाठवण्याआधी एकदा तपासा

* पहिल्या दोन वाक्यांत काम आणि गरज आली का?
* मागणी एकच आहे का आणि रक्कम आकड्यात आहे का?
* स्वतःचा किंवा गावाचा वाटा सांगितला आहे का?
* नोंदणी क्रमांक, संस्थेचे खाते, जबाबदार व्यक्तीचा फोन दिला आहे का?
* हिशेब कधी मिळेल ते लिहिले आहे का?
* ज्याच्याविषयी लिहिले आहे, त्याच्या शेजाऱ्याने वाचले तर तो ओळखेल का? उत्तर 'हो' असेल तर मजकूर बदला.
* हे पत्र त्या मुलाने मोठेपणी वाचले, तर त्याला मान खाली घालावी लागेल का?

शेवटच्या दोन प्रश्नांसाठी सगळ्यात जास्त वेळ द्या. रक्कम कमी जमली तर पुन्हा पत्र लिहिता येते. कुणाची ओळख एकदा बाहेर पडली, की ती परत घेता येत नाही.